नवसू गुरुजींचा डावा हात

आमच्या शाळेत केंद्रप्रमुख आले की झाडून सगळी मुलं हात वर करतात. प्रश्न सतराच्या पाढ्याचा असो नाहीतर राज्याच्या राजधानीचा, एकही हात खाली राहत नाही. साहेब खूश होतात, वहीत चांगला शेरा लिहितात आणि खिचडी खाऊन जातात. यातली मेख अशी, की उत्तर येणाऱ्याने उजवा हात वर करायचा आणि न येणाऱ्याने डावा. मग गुरुजी बरोबर उजव्या हातवाल्याला उभं करतात. ही युक्ती नवसू गुरुजींची. इतक्या वर्षांत एकाही साहेबाला ती कळली नाही. आता मीच ती सांगून टाकते आहे, कारण झाकपाकीचा मला वीट आला आहे.

मी हर्षदा. मूळची जव्हारची, राहते मोखाड्यात भाड्याच्या खोलीत, आणि सूर्यमाळच्या खालच्या अंगाला एका पाड्यावर दोन शिक्षकी शाळा आहे, तिथली एक शिक्षिका. दुसरे नवसू गुरुजी. मुख्याध्यापकही तेच. पहिली ते चौथी मिळून पट सतरा. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात तेव्हा तो पट कागदावर सतरा आणि वर्गात अकरा असतो.

गुरुजी त्याच पाड्यावर जन्मले. पाड्यावरून बारावी होणारे पहिले, डी.एड. होणारे पहिले, आणि नोकरी लागल्यावर गाव न सोडणारेही पहिलेच. बाकीचे आमच्यासारखे, बदलीचा अर्ज खिशात घेऊनच रुजू होणारे. पहिलीच्या मुलांशी ते दिवाळीपर्यंत घरच्या बोलीत बोलत आणि मग हळूच, पोरांना कळायच्या आत, पुस्तकाच्या मराठीवर आणून सोडत. दाखला, फॉर्म, रेशनकार्ड, कुणाचंही काही अडलं की पाडा त्यांच्याकडे. मला सुरुवातीला या माणसाचा फार राग यायचा. इतकं चांगलं कुणी असू नये, शेजारच्याला त्रास होतो.

त्यांची हजेरी मात्र ऐकण्यासारखी होती. हजेरीपुस्तक न उघडता घेत. पाड्याच्या वरच्या टोकापासून सुरू करत, घरामागून घर मनात चालत खाली येत, आणि त्या त्या घरातल्या पोरांची नावं घेत. वाटेत विचारत, "तुझी आजी खोकत होती, बरी झाली का?" मग पुढचं घर. शेवटचं घर विहिरीजवळ जयवंतीचं. तिची पोर फागी, पहिलीतली. फागीने "हजर" म्हटलं की हजेरी संपली.

मागच्या ऑगस्टमध्ये घाटात गुरुजींची मोटारसायकल घसरली. हेल्मेट आरशाला लटकवलेलं. कपाळाला टाके पडले, एक दिवस उलट्या झाल्या, आणि चौथ्या दिवशी माणूस शाळेत हजर. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. डोक्याला मार लागलेल्या माणसाने चौथ्या दिवशी पाढे शिकवायला येऊ नये, हे सांगायला कुणीच नव्हतं. होतं ते कौतुक.

गणपती झाल्यावर एके दिवशी ते हजेरी घेताना मध्येच थांबले. कुठल्याशा घरापाशी वाट चुकल्यासारखे. मग त्यांनी कपाटातून हजेरीपुस्तक काढलं आणि वाचून नावं घेतली. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. पुढे एकच नाव दोनदा येऊ लागलं. दुपारचं जेवण झालं का, हे ते खिचडी शिजवणाऱ्या हिराबाईला तीनदा विचारत. फळ्यावर गणित अर्धं सोडून दाराशी जाऊन उभे राहत. आणि ज्या माणसाने कधी पट्टी हातात धरली नाही तो पोरांवर ओरडू लागला, मग ओरडल्याचं लक्षात आलं की डोळे पुसत वर्गाबाहेर जात असे. घरी त्यांची बायको सोमी म्हणायची, "डोका दुखतं त्यांचा. दुसरा काय नाय."

मी काय केलं? मी हजेरी माझ्याकडे घेतली. मग माहितीचे तक्ते माझ्याकडे घेतले. मग त्यांच्या सहीची पानं तपासायला लागले, कारण एकाच पानावर ते तीन सह्या करत. मोठी मुलंही सामील झाली. गुरुजी शब्द शोधू लागले की पुढच्या बाकावरून तो हळूच पुरवला जाई. आम्ही सगळे मिळून गुरुजींना असं काही लपवलं की गुरुजींना स्वतःलाही बाहेर यायला फट राहिली नाही. एकदा ते मला म्हणाले, "बाई, मना काहीतरी झालाय." मी म्हटलं, "काही नाही झालेलं. वय झालं की होतं." माणूस एक्कावन्न वर्षांचा!

यात नुसतं प्रेम नव्हतं, तेही सांगते. गुरुजी घरी बसले असते तर चार वर्ग, सतरा पोरं आणि सगळे कागद एकट्या माझ्या गळ्यात पडले असते. पट असा कमी, की शाळाच उचलून ओढ्यापलीकडच्या शाळेत मिळवतील ही भीती. दुसरा शिक्षक तिथे येणार कोण? मी माझीच सोय बघत होते आणि वर त्याला माणुसकी म्हणत होते.

जानेवारीत गुरुजी परिसर भेटीला मुलांना टेकडीवर घेऊन गेले. मी केंद्राच्या बैठकीला जायच्या घाईत होते. दहा मुलं नेली होती, परत आली नऊ. मी बैठकीहून आले तेव्हा गुरुजी वर्गाच्या दारात उभे होते. एक हात वर, चौकटीला टेकवलेला. मला वाटलं, दमून टेकलेत. पाच वाजता पाणी आणायला गेलेल्या बायकांना फागी सापडली, करवंदीच्या जाळीखाली, रडून रडून झोपलेली. हातापायांवर ओरखडे. जयवंती तिला कडेवर घेऊन थेट शाळेत आली. गुरुजी काही बोलायच्या आत मी पुढे झाले आणि म्हणाले, "अगं, तीच रांगेतून पळाली. किती शोधलं आम्ही!" जयवंतीने माझ्यासमोर पोरीच्या पाठीत धपाटा घातला. सहा वर्षांच्या त्या पोरीने माझ्याकडे जे बघितलं, ते अजून माझ्याकडे आहे.

फेब्रुवारीत जव्हारला आरोग्य शिबिर होतं. सोमीने डोकेदुखीसाठी म्हणून गुरुजींना नेलं, सोबत मी. तिथल्या डॉक्टरांनी घाटातल्या अपघाताचं ऐकलं आणि गुरुजींना पाच शब्द सांगितले: बैल, कंदील, आरसा, विळा, पपई. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून ते परत विचारले. गुरुजींना एकच आठवला, बैल. तारीख विचारली, शंभरातून सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं; तिथेही गुरुजी अडखळले. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली: नाशिकला जाऊन मेंदूच्या कामाची पूर्ण तपासणी करून घ्या. न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट. स्मरण, लक्ष, भाषा, विचार, सगळ्याची. मी चिठ्ठी वाचली आणि माझ्यातली बाई जागी झाली. तपासणी येणार! म्हणजे तयारी करायला हवी. बरं, पेपर तर फुटलेलाच होता.

मग तीन आठवडे मी नवसू गुरुजींची शिकवणी घेतली. परिपाठानंतर पाच शब्द, मधल्या सुट्टीत पाच शब्द, शाळा सुटताना पाच शब्द. आजची तारीख, वार, महिना. शंभरातून सात वजा करत जाणं. घड्याळाचं चित्र. सोमीलाही बजावून ठेवलं, घरी सांजसकाळ म्हणून घे. गुरुजी शहाण्या मुलासारखे म्हणत. "बैल, कंदील, आरसा, विळा, पपई." सुरात, पाढ्यासारखं. मुलांनाही पाठ झालं. एकदा गुरुजी कंटाळून म्हणाले, "बाई, मी पास झालो तर मग काय?" मी म्हटलं, "मग काय, सुटलो." कोण सुटणार होतं, ते मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

मार्चमध्ये आम्ही तिघं त्र्यंबकमार्गे नाशिकला गेलो. तपासणार होत्या त्या मंजुषा मॅडम, मानसशास्त्रज्ञ. वय माझ्याएवढंच, आवाज शांत. मला वाटलं होतं डोक्याला तारा लावतील, मशिनमध्ये घालतील. तसलं काही नाही. एक टेबल, दोन खुर्च्या, कागद, पेन्सिली, लाकडी ठोकळे, चित्रांची कार्डं आणि एक स्टॉपवॉच. मॅडमनी आधी विचारलं, झोप झाली का, न्याहारी केली का, चष्मा आणलाय का, रोजच्या गोळ्या घेतल्या का. मग विचारलं, "गुरुजी, तुम्ही मनात कुठल्या भाषेत बोलता?"

इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम करून हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. गुरुजी म्हणाले, "घरच्या. मराठी शाळेची."

"मग जे घरच्या बोलीत येईल ते तसंच सांगा. ते चूक धरणार नाही." बोली समजावून सांगायला म्हणून त्यांनी मला मागच्या खुर्चीत बसवलं, पण दम भरला, "एक अक्षर सुचवायचं नाही. सुचवलंत तर सगळं वाया जाईल." सोमी बाहेर बाकावर बसली.

"ही परीक्षा नाही," मॅडम गुरुजींना म्हणाल्या. "पास-नापास नाही यात. काही प्रश्न पोरकट वाटतील, काही कुणालाच येणार नाहीत इतके अवघड आहेत. ते मुद्दाम तसे आहेत. दमलात की सांगा. जेवणाच्या सुट्टीसकट दुपार होईल." मी मनात म्हटलं, आमचे साहेबही असंच म्हणतात.

आकडे उलटे म्हणायचे होते. ठोकळ्यांची नक्षी जुळवायची होती. एक, मग अ, मग दोन, मग आ, अशी कागदावर विखुरलेली अक्षरं-आकडे रेघेने जोडायचे होते. तिथे गुरुजींची पेन्सिल तीनदा अडली आणि त्यांच्या मानेवर घाम आला. घड्याळ मात्र त्यांनी सुरेख काढलं. मी खूश झाले. एक म्हण विचारली: झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणजे काय? "मूठ रिकामी असते," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांना ठाऊक असतं. पण उघड कोण म्हणणार?" मॅडमनी लिहून घेतलं. मी पदर सारखा केला.

मग मॅडमनी पंधरा शब्दांची यादी वाचली. पुन्हा पुन्हा वाचली, प्रत्येक वेळी आठवतील ते विचारले. पहिल्याच वेळी मला कळलं, की यातला एकही शब्द आपला नाही. गुरुजींनी चार सांगितले, मग पाच. पाचाच्या पुढे काटा जाईचना. मॅडम नुसतं "बरं" म्हणत. मध्ये दुसरी कामं झाली, चित्रं झाली, चहा झाला. अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं, "गुरुजी, मघाशी एक यादी वाचली होती. त्यातलं काय आठवतं?"

गुरुजी ताठ बसले. चेहरा उजळला. आणि त्यांनी सुरात सुरुवात केली, "बैल, कंदील, आरसा, विळा, पपई."

मॅडमनी कागदाकडे बघितलं. "आणखी?"

"बैल, कंदील, आरसा, विळा, पपई."

"गुरुजी, हे शब्द माझ्या यादीत नाहीत." त्या रागावल्या नव्हत्या. "हे कुठले आहेत?"

गुरुजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. आणि त्यांनी हात वर केला. डावा.

"थांबायचं का? पाणी हवंय?" मॅडमनी विचारलं. गुरुजींनी हात खाली घेतला नाही. वर्गात बसलेल्या मुलासारखा, कोपर सरळ, बोटं जुळवलेली. मॅडमना त्याचा अर्थ कळणं शक्य नव्हतं. त्या खोलीत तो फक्त मला कळत होता. आणि त्या क्षणी मला जानेवारीतला तो दरवाजा दिसला. चौकटीला टेकवलेला वाटला होता तो हात. तोही डावा होता. ते दमले नव्हते. ते मला सांगत होते.

माझ्या तोंडून शब्द फुटला तो रडण्यासकटच. "मॅडम, मी शिकवलंय ते. मी पाठ करून घेतलंय." मग सगळं सांगितलं. हजेरी, सह्या, पुढच्या बाकावरून पुरवलेले शब्द, फागी, आणि मी जयवंतीला काय सांगितलं तेही. गुरुजी खाली मान घालून ऐकत होते. माझं संपल्यावर ते म्हणाले, "उतरताना मना कळला होता, एक पोर कमी हाय. मी मागं फिरलो होतो. जाळीपाशी उभा राहलो. हाक मारायला गेलो, तं नावच येईना." त्यांनी डावा हात हळूच टेबलावर ठेवला. "नाव नाय, तं हाक कशी मारू? बाकीच्यांना एकटं सोडू कसा? म्हणून परत आलो."

मला मरून जावंसं वाटलं. या माणसाने मला सांगितलं होतं, मला काहीतरी झालंय, आणि मी त्याला वय सांगितलं होतं.

मॅडमनी मला झापलं नाही. झापलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "घरचे लोक हे नेहमी करतात. आजारी माणूस चांगला दिसावा असं वाटतं. पण इथे तो आहे तसा दिसला नाही, तर त्याला जी मदत हवी ती मिळतच नाही. पाठ करून घेतलेलं घड्याळ मला काही सांगत नाही. जे पाठ करून घेता आलं नाही त्यानेच सांगितलं." मग सोमीला आत बोलावून घरचं विचारलं, आणि सोमीही, मी मान हलवल्यावर, खरं बोलली. गॅस सुरू राहतो. ओळखीच्या वाटेवर उभे राहतात. रात्री विचारतात, मी आज कुणाला मारलं तर नाही ना?

पंधरा दिवसांनी अहवाल आला. अपघाताने लक्ष आणि नवं स्मरण यांना इजा. विचार आणि समज शाबूत. मुलांना एकट्याने सांभाळू नये. गाडी चालवू नये. वैद्यकीय रजा, मग शिकवण्याऐवजी दुसरं काम. वही वापरायचा सराव, ठरलेल्या वेळी ठरलेलं काम. काही सुधारेल, सगळं नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या याद्या घेऊन पुन्हा तपासणी. शेवटी मॅडमनी हाताने लिहिलं होतं: कृपया तयारी करून आणू नये.

मी जयवंतीकडे गेले. विहिरीवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगेत उभी होती. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "जयवंती, फागी पळाली नव्हती. मी खोटं बोलले."

ती हंडा पुसत राहिली. "मना ठाव होता. फागीनं तवाच सांगला."

"मग तू काही बोलली का नाहीस? पोरीला मारलंस कशाला?"

"तुमच्याम्होरं मारला," ती म्हणाली. "बोलली असती तं गुरुजीस काढला असता." आणि ती पुढे सरकली, कारण टँकर आला होता. म्हणजे त्या टेकडीवर जे झालं ते सगळ्या पाड्याला माहीत होतं. एका पोरीच्या पाठीवर आम्ही सगळ्यांनी मिळून ते झाकलं होतं.

आता एप्रिल आहे. चार वर्ग माझ्या गळ्यात आहेत. ज्याची भीती होती तेच. बदली शिक्षकाचं पत्र गेलंय, माणूस आलेला नाही. गुरुजी रजेवर आहेत, पण सकाळी इतर पायवाटा चुकल्या तरी शाळेची चुकत नाही, म्हणून ते रोज येतात आणि ओट्यावर बसतात. जवळ वही असते. त्यात त्यांनी पाड्याचा नकाशा काढलाय, वरच्या टोकापासून विहिरीपर्यंत, घरामागून घर, आणि प्रत्येक घरावर पोरांची नावं. हजेरी तेच घेतात, वहीत बोट ठेवून, हळूहळू चालत. मी दारात उभी राहते. मुलं आता मध्ये सुचवत नाहीत. मी तशी ताकीद दिली आहे.

काल ते शेवटच्या घरापाशी आले आणि वहीवरचं पान वाऱ्याने उलटलं. त्यांनी ते पुन्हा शोधायला घेतलं नाही. समोर फागी बसली होती. गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. तीही त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्यांनी आपला डावा हात वर केला. फागी उठली, त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "फागी."

"फागी," गुरुजी म्हणाले.

"हजर," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

गुरुजींनी वही मिटली आणि मला हाक मारली. "बाई, या पोरीचं नाव मना रोज नव्यानं विचारावं लागतं," ते म्हणाले. "तुमचा बैल न कंदील मात्र जात नाय."